शांत रुग्ण, पूर्ण भरलेले रकाने : नर्सिंग अभ्यासक्रमात वृद्ध शुश्रूषेला जागा शोधण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका नर्सिंग महाविद्यालयाचे आहे. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, वर्गात साठ विद्यार्थी, शेजारीच संलग्न रुग्णालय. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

कागदावर पाहिले तर वृद्ध शुश्रूषा अभ्यासक्रमात होतीच. दुसऱ्या वर्षाच्या मेडिकल-सर्जिकल नर्सिंगचे ते शेवटचे युनिट, दहा तासांचे. शेवटचे युनिट म्हणजे काय हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. सत्र संपत आलेले, अंतर्गत परीक्षा तोंडावर, पोर्शन उरकायची घाई. दहाचे चार-पाच तास होत आणि त्यात ‘वार्धक्यातील शारीरिक बदल’ एवढे सांगून होई. परीक्षेत त्यावर पाच गुणांची एक टीप. तिसऱ्या वर्षी कम्युनिटी नर्सिंगमध्ये वृद्धाश्रमाची आठवडाभराची भेट असे. तिथे रक्तदाब मोजायचा, एक फॉर्म भरायचा आणि निघताना करमणुकीचा कार्यक्रम करायचा.

दुसरीकडे ज्या वॉर्डांत हेच विद्यार्थी रोज सकाळी उभे राहत, त्या मेडिसिन आणि अस्थिरोग वॉर्डांत निम्म्याहून अधिक खाटांवर पासष्टी ओलांडलेले रुग्ण होते. म्हणजे वृद्धांची शुश्रूषा विद्यार्थी दररोज करत होते, फक्त ती शिकत नव्हते.

प्रसंग

८२ वर्षांच्या एक बाई. खुब्याचे हाड मोडले म्हणून दाखल झाल्या, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री त्यांनी सलाइनची नळी ओढून काढली. झोप लागावी म्हणून रात्रपाळीत अँटिहिस्टामिनची, म्हणजे अॅलर्जीवरची गुंगी आणणारी गोळी दिली गेली. मूत्राशयातली नळी त्याआधीच, सायंकाळी काढलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीकडे त्या सोपवल्या गेल्या. तिने आठ वाजता नोंद केली: ‘रुग्ण शांत. तक्रार नाही. नाडी ८८, रक्तदाब १३०/७०, ताप नाही.’ नाश्त्याचा ट्रे तसाच परत गेला. त्याची नोंद ‘भूक कमी’ अशी झाली. तिसऱ्या दिवशीची नोंद जवळपास शब्दशः तीच.

त्या दुपारी मुलगी आली आणि दारातूनच म्हणाली, “आई अशी नसते हो. परवा ऑपरेशनला जाताना तिने मला स्वतःच्या गोळ्यांचा हिशोब सांगितला होता.” ड्यूटीवरच्या सिस्टरांचे उत्तर होते, “वय झालंय, त्यात ऑपरेशन झालंय. थोडं होणारच.”

सायंकाळच्या राउंडला डॉक्टरांनी ओटीपोटाला हात लावला तेव्हा उलगडा सुरू झाला. मूत्राशयात ७०० मिलीलिटर लघवी तुंबलेली. दाखल झाल्यापासून शौच नाही. टाचेवर दाबल्यावरही न फिकटणारी लाली, दुसऱ्या टाचेवर फोड, म्हणजे बेडसोअरची (एका जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात. आणि श्रवणयंत्र लॉकरच्या खणात पिशवीत बंद. थिएटरमध्ये नेताना काढले ते परत कानाला लागलेच नव्हते. दोन दिवस सगळे जण त्यांना प्रश्न विचारत होते, त्यांना ऐकूच येत नव्हते, आणि उत्तर न देणाऱ्या माणसाची नोंद ‘तक्रार नाही’ अशी होत होती.

निदान झाले डिलिरियमचे, म्हणजे अचानक उद्भवलेल्या भ्रमावस्थेचे, आणि तेही सुस्त प्रकारचे. या प्रकारात रुग्ण ओरडत नाही, नळ्या ओढत नाही, तो मिटून जातो. पहिल्या रात्री नळी ओढली गेली ती भ्रमाचीच सुरुवात होती. गोळी दिल्यावर गडबड थांबली आणि भ्रम दिसेनासा झाला. कारणांची साखळी सरळ आहे. अँटिहिस्टामिनची जुन्या पिढीतली औषधे अॅसिटिलकोलीन या मज्जातंतूंचे निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाचे काम रोखतात. त्याने मेंदू गोंधळतो, मूत्राशय रिकामे होत नाही, आतडी मंदावतात. त्यात अफूवर्गीय वेदनाशामकाने बद्धकोष्ठाची भर पडते. तुंबलेले मूत्राशय आणि भरलेली आतडी पुन्हा भ्रम वाढवतात. ही औषधे वृद्धांना टाळावीत हे अमेरिकन डॉक्टर मार्क बिअर्स यांनी १९९१ साली मांडलेल्या आणि आता अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी अद्ययावत करत असलेल्या यादीत स्पष्ट आहे.

बाई वाचल्या, पण रुग्णालयातला मुक्काम बराच लांबला आणि एरवी चालत घरी गेल्या असत्या त्या बाई दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात गेल्या.

अडचण नेमकी कुठे होती

आढावा बैठकीत विद्यार्थिनीचे कागद समोर ठेवले गेले तेव्हा सगळ्यांना खटकले ते हे, की त्यात चूक सापडत नव्हती. प्रत्येक रकाना वेळेवर भरलेला, अक्षर स्वच्छ, आकडे खरे. ‘रुग्णाकडे लक्ष का गेले नाही’ या प्रश्नाला तिने प्रामाणिक उत्तर दिले: “त्या काही त्रास देत नव्हत्या. जे ओरडत होते त्यांच्याकडे आम्ही जात होतो.”

पहिली सूचना अपेक्षित होती: डिलिरियमवर एक दिवसाची कार्यशाळा घ्या. ती घेऊन विषय मिटलाही असता. पण एका ज्येष्ठ प्राध्यापिकेने आग्रह धरला की आधी चारही वर्षांच्या तासिका-नोंदी उघडून पाहू. दोन शिक्षिकांनी तीन आठवडे बसून प्रत्येक विषयात वृद्धांबद्दल काय, किती वेळ आणि कोण शिकवते याचा तक्ता केला.

तक्ता बोलका निघाला. वार्धक्यातील शारीरिक बदलांची तीच यादी तीन विषयांत तीनदा शिकवली जात होती: शरीरशास्त्रात, मानसशास्त्रात आणि मेडिकल-सर्जिकलमध्ये. मिळून अकरा तास. डिलिरियमला शून्य. लघवीवरचा ताबा सुटणे हा विषय कॅथेटर घालण्यापुरता. रुग्णाला बांधून ठेवण्याचा विषय एकदाच, तोही प्रात्यक्षिकात, पट्टा कसा बांधायचा आणि गाठ कशी मारायची एवढा. का बांधू नये, बांधल्याने भ्रम, बेडसोअर आणि पडून होणारी इजा कशी वाढते, पर्याय कोणते, यावर एकही तास नाही. लॉगबुकमध्ये बेडसोअरचे ड्रेसिंग होते, बेडसोअर होऊ नये म्हणून करायचे काम नव्हते.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला एक साधा प्रश्नही लेखी विचारला गेला: ‘८० वर्षांच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला आहे, तुम्हाला काय दिसेल?’ जवळपास सर्वांनी ताप, खोकला, धाप लिहिले. अचानक गोंधळणे, जेवण सुटणे, पडणे, अंथरुणातून न उठणे हे लिहिणारे बोटांवर मोजण्याइतके. वृद्धाला ताप नसेल तर संसर्ग नाही असे मानणारी मुले वॉर्डात पाठवली जात होती. ही त्यांची चूक म्हणता येत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

चार पर्याय टेबलावर आले आणि चर्चा बरीच तापली.

स्वतंत्र विषय, स्वतंत्र पेपर हा पहिला. त्याने विषयाला नाव, शिक्षक आणि परीक्षा मिळते. पण चाळीस तास आणायचे कुठून हा प्रश्न होता, आणि वृद्ध शुश्रूषेत विशेष शिक्षण घेतलेले कुणीही अध्यापकवर्गात नव्हते. याहून खोल धोका एका अनुभवी शिक्षिकेने दाखवला: स्वतंत्र पेपर झाला की बाकीचे सगळे हात झटकतात. ‘ते जेरियाट्रिकमध्ये येईल’ म्हणून सर्जरीचा शिक्षक शस्त्रक्रियेनंतरचा डिलिरियम सोडून देतो.

दुसरा पर्याय सर्व विषयांत मिसळून शिकवण्याचा. तत्त्व म्हणून तो सर्वांना पटत होता. अडचण एवढीच, की कागदोपत्री आत्ताही तेच चालू होते. जे सगळ्यांचे काम, ते कुणाचेच नसते.

तिसरा पर्याय ऐच्छिक विषय. तो लवकर बाद झाला. ज्यांना वृद्धांबरोबर काम आवडते ते आपणहून येतील; ज्यांना शिकण्याची गरज आहे ते नवजात शिशू विभाग निवडतील. वृद्धांबरोबर काम करण्याची इच्छा नर्सिंग विद्यार्थ्यांच्या पसंतीक्रमात तळाशी असते आणि शिक्षणाच्या ओघात ती आणखी घसरू शकते, हे ऑस्ट्रेलियातील अभ्यासांतून दिसून आलेले आहे.

चौथा पर्याय मिश्र: छोटे स्वतंत्र युनिट, त्याला एक जबाबदार शिक्षिका, चार विषयांत ठरवून पेरलेला मजकूर, सलग चार आठवड्यांचे क्लिनिकल पोस्टिंग, आणि उत्तीर्ण होण्यासाठी सक्तीची प्रात्यक्षिक परीक्षा.

चर्चेत एक आक्षेप पुन:पुन्हा आला: हे सगळे ‘बेसिक’च तर आहे, आंघोळ, भरवणे, कूस बदलणे, त्याला वेगळे युनिट कशाला? बेडसोअरचा धोका मोजणारी पहिली मोजपट्टी ब्रिटिश परिचारिका डोरीन नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली मांडली, ती वृद्धांच्या रुग्णालयातल्या कामातूनच. आज तिची भावंडे आयसीयूत वापरली जातात तेव्हा त्यांना कुणी बेसिक म्हणत नाही.

निर्णय आणि त्यामागचा हिशोब

चौथा पर्याय ठरला. तास कुठून आणायचे हा वाद तक्त्यानेच सोडवला. तीनदा शिकवली जाणारी यादी एकदाच, शरीरशास्त्रात ठेवायची. वाचलेले तास आणि जुन्या युनिटचे दहा तास एकत्र करून, वर थोडी भर घालून २४ तासांचे युनिट उभे राहिले. ते दुसऱ्या वर्षाच्या सत्राच्या सुरुवातीला, वॉर्ड पोस्टिंगच्या आधी ठेवायचे हेही लेखी नोंदवले गेले. ही नोंद तेव्हा क्षुल्लक वाटली होती.

युनिटची रचना रोगांच्या नावांनी न करता वॉर्डात समोर येणाऱ्या प्रश्नांनी केली: अचानक गोंधळलेला रुग्ण, पडलेला रुग्ण, न जेवणारा, अंथरूण ओले करणारा, दहा गोळ्या घेणारा, घरी जायला तयार नसलेला. एकेका प्रश्नाला चार तास, त्यातले दोन प्रत्यक्ष सरावाचे.

पोस्टिंगच्या क्रमावर मात्र खरी अडखळण झाली. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांना आंघोळ घालणे, भरवणे शिकायचेच असते, तेव्हा त्यांना दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात पाठवावे असे ठरले. सोयीचे होते, जागाही उपलब्ध होती. निर्णय चुकला; त्याबद्दल पुढे.

अंमलबजावणी

आधी शिक्षक. दोन शिक्षिकांना सहा आठवडे अर्धा दिवस वॉर्डात काम करायला मोकळे केले गेले, कारण पुस्तकातून तयार केलेली डिलिरियमची व्याख्याने ऐकली की विद्यार्थ्यांना आरडाओरडा करणारा रुग्णच डोळ्यापुढे येतो. त्यांनी सुस्त प्रकारचे रुग्ण स्वतः शोधायचे, तपासायचे आणि वर्गासाठी प्रसंग लिहायचे.

मग साधने. पहिल्या मसुद्याच्या लॉगबुकमध्ये अकरा मोजपट्ट्या होत्या. अकरा फॉर्म भरणारी मुलगी रुग्णाकडे पाहत नाही, कागदाकडे पाहते. हा पहिल्या आठवड्याचाच अनुभव. शेवटी चार ठेवल्या.

डिलिरियमसाठी फोर-एटी (4AT) ही छोटी चाचणी. दोन-तीन मिनिटांत होते. रुग्ण नीट जागा आहे का हे पाहायचे. जागेपणा स्पष्टपणे बिघडलेला असेल तर तिथेच ४ गुण. मग वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष हे चार प्रश्न: एक चूक असेल तर १, दोन किंवा अधिक चुकल्यास २. मग वर्षाचे महिने उलट्या क्रमाने म्हणायला लावायचे. सात किंवा अधिक बरोबर आले तर शून्य, सुरुवात करून कमी आले किंवा नकार दिला तर १, तपासताच येत नसेल तर २. शेवटी, बदल अचानक झाला आहे का, कमी-जास्त होतो आहे का. हो असेल तर ४. बेरीज ४ किंवा वर गेली की डिलिरियमची शक्यता धरून डॉक्टरांना कळवायचे. विद्यार्थी सर्वाधिक चुकतात तो हा शेवटचा प्रश्न. त्याचे उत्तर बऱ्याचदा रुग्णाकडे नसते, नातेवाइकाकडे किंवा कालच्या पाळीतल्या परिचारिकेकडे असते. तिथे न विचारता सरळ शून्य टाकले की अख्खी चाचणी फुकट जाते. आणि ज्यांचे शालेय शिक्षण कमी झाले आहे त्यांना महिने उलटे म्हणता आले नाहीत म्हणून तो भ्रमच असे नाही, हेही सांगावे लागते.

बेडसोअरच्या धोक्यासाठी ब्रेडन मोजपट्टी: सहा घटक, एकूण ६ ते २३, गुण जितके कमी तितका धोका जास्त, १८ किंवा त्याखाली आले की कामाला लागायचे. दैनंदिन कामांसाठी काट्झची सहा कामांची यादी, पण दोन रकान्यांत: आजारापूर्वी आणि आज. आजचाच रकाना भरला की ‘परावलंबी’ असा शिक्का बसतो. पंधरा दिवसांपूर्वी ही बाई स्वतः आंघोळ करत होती हे दिसतच नाही. चौथी गोष्ट म्हणजे आडवे आणि उभे करून घेतलेला रक्तदाब: पाच मिनिटे पडून, मग उभे राहिल्यावर एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर रुग्णाला एकट्याने बाथरूमला सोडायचे नाही.

प्रतिबंधाची कामे मात्र मोजपट्ट्यांइतकीच ठाशीवपणे लॉगबुकमध्ये घातली: चष्मा-श्रवणयंत्र सकाळी लावणे, पेला हाताशी ठेवून पाणी पाजणे, दिवसातून तीनदा उठवून बसवणे किंवा चालवणे, रात्री अखंड झोप मिळेल असे काम आखणे. याला आधार अमेरिकन डॉक्टर शॅरन इनूये यांच्या १९९९ सालच्या अभ्यासाचा. ७० आणि त्याहून अधिक वयाच्या ८५२ रुग्णांत, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात डिलिरियमचे प्रमाण १५ टक्के होते, तर असे साधे उपाय केलेल्या गटात ९.९ टक्के. मात्र एकदा भ्रम सुरू झाल्यावर त्याची तीव्रता या उपायांनी कमी झाली नाही. म्हणून विद्यार्थ्यांना ओळखायला शिकवणे निम्मेच काम.

पोस्टिंगसाठी दोन वॉर्डांतल्या सहा परिचारिकांना मार्गदर्शक नेमले, प्रत्येकीकडे दोन विद्यार्थी. विद्यार्थ्याकडे एकच रुग्ण, पण दाखल होण्यापासून डिस्चार्जपर्यंत तोच.

काय फसले

पहिल्या वर्षीचे दीर्घकालीन शुश्रूषा केंद्र सर्वात आधी फसले. अठरा वर्षांच्या मुलांनी आयुष्यात प्रथम पाहिलेले रुग्ण म्हणजे अंथरुणाला खिळलेले, बोलणे हरवलेले. शिकवायला तिथे कुणी नव्हते, कामाला हात हवे होते. चार आठवड्यांनी मुलांच्या वह्यांत वृद्धापकाळ म्हणजे डायपर बदलणे, एवढेच उरले. दुसऱ्या तुकडीपासून क्रम उलटा केला. पहिल्या वर्षी स्वतःच्या घरी स्वतंत्रपणे राहणाऱ्या वृद्धांना चार भेटी. प्रत्येक भेटीत एकच काम: एकदा घेतली जाणारी सर्व औषधे एका टेबलावर मांडून यादी करणे, एकदा खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसण्याची वेळ मोजणे, एकदा रात्री बाथरूमपर्यंतची वाट तपासणे, आणि एकदा काहीही न मोजता त्यांना काय महत्त्वाचे वाटते ते ऐकणे. वॉर्ड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. शुश्रूषा केंद्र चौथ्या वर्षी, जेव्हा विद्यार्थ्याला काय चुकते आहे हे ओळखता येते आणि सांगण्याचे धाडसही आलेले असते.

वार्धक्याचा अनुभव देणारे सत्र दुसरे. गुडघ्याला बँडेज, चष्म्याला व्हॅसलीन, कानात बोळे, हातात जाड मोजे घालून चालायला लावले. मुले आधी हसली, मग हळहळली. हळहळीचा शुश्रूषेत काही उपयोग नाही. दुसऱ्या वेळी त्यांना कामे दिली: गोळ्यांची पट्टी उघडा, संमतीपत्र वाचून सही करा, मंद उजेडात कमोडपर्यंत जा. न जमल्यावर प्रश्न एकच: ‘खोलीत काय बदलले तर जमेल?’ मुलांनी कमोडची उंची, दिव्याचे बटण, फॉर्मच्या अक्षरांचा आकार यावर बोट ठेवले. साधने तीच होती. बदलला तो प्रश्न.

तिसरी फसगत परीक्षेची, आणि ती सर्वात शिकवणारी. ऑस्कीच्या, म्हणजे वेगवेगळ्या स्टेशनांवर ठरावीक वेळात घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या, एका स्टेशनवर ऐकू कमी येणाऱ्या, सुस्त डिलिरियम झालेल्या रुग्णाची भूमिका प्रशिक्षित व्यक्तीने केली. शेजारी मुलगी, खणात श्रवणयंत्र. वेळ आठ मिनिटे. ज्या विद्यार्थ्यांनी खुर्ची ओढून समोर बसून, श्रवणयंत्र शोधून कानाला लावून, उत्तराची वाट पाहून काम केले, ते अर्ध्यात घंटा वाजल्याने नापास झाले. ज्यांनी रुग्णाकडे पाठ करून मुलीला भराभर प्रश्न विचारले ते पास. गुणपत्रिका महाविद्यालय जे शिकवत होते त्याच्या नेमके उलटे बक्षीस देत होती. पुढच्या वेळी वेळ बारा मिनिटे केली, श्रवणयंत्राला आणि रुग्णाशी थेट बोलण्याला वेगळे गुण ठेवले, आणि ‘आ करा पाहू, शाब्बास’ अशा लाडिक बोलण्याचे गुण कापायचे ठरले.

चौथे, निष्कर्ष जातो कुठे? पहिल्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याला फोर-एटीमध्ये ६ गुण सापडले. त्याने ते लॉगबुकमध्ये नोंदवले, शिक्षिकेने सही केली, शेराही दिला. रुग्णाच्या फाइलमध्ये काहीच गेले नाही. डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी कळले. महाविद्यालयाचा कागद आणि वॉर्डाचा कागद दोन वेगळ्या जगात होते. उपाय म्हणून वॉर्डाच्या हँडओव्हरच्या (पाळी बदलताना रुग्ण सोपवण्याच्या) नमुन्यात एक ओळ घालून घेतली: ‘कालच्या मानाने आज कसे आहेत?’ ती भरण्यासाठी सुटणाऱ्या पाळीला कालचे आठवावे लागते. ही एक ओळ मान्य करून घ्यायला चार महिने आणि तीन बैठका लागल्या. अख्खे युनिट मंजूर व्हायला त्याहून कमी वेळ लागला होता.

निष्पत्ती

दोन तुकड्यांनंतरचे चित्र असे. पोस्टिंगच्या दोन्ही वॉर्डांत संशयित डिलिरियम कळवण्याचे प्रमाण वाढले आणि कळवणाऱ्यांत विद्यार्थी बरेच होते. आकडा वाढला म्हणून व्यवस्थापन आधी घाबरले. जे आधी दिसत नव्हते ते दिसू लागले आहे, हे समजावून सांगावे लागले. रुग्णाला बांधण्याच्या नोंदी कमी झाल्या, पण खाटेचे कठडे वर करून ठेवण्याच्या वाढल्या. कठडेही बंधनच, आणि त्यावरून चढून पडणारा रुग्ण अधिक उंचावरून पडतो. एक पट्टा सुटला, दुसरा आला.

चाचणीचे कागद नक्कल होऊ लागले. एका रुग्णाच्या तीन पाळ्यांत सलग शून्य नोंदलेले सापडले. तिसऱ्या पाळीत तो रुग्ण वॉर्डात नव्हताच, आयसीयूत हलवला होता. जिथे मार्गदर्शक परिचारिका स्वतः शेजारी उभी राहत होती तिथे हे घडले नाही.

विद्यार्थ्यांचा वृद्धांकडे पाहण्याचा दृष्टिकोन मोजायला कोगन यांची १९६१ सालची मोजपट्टी वापरली आणि युनिटनंतर गुण सुधारले. त्यावर फार विसंबू नये. शिकवणाऱ्यांना कोणते उत्तर आवडेल हे विद्यार्थ्यांना नेमके कळते. त्यापेक्षा सकाळी नऊला वॉर्डात जाऊन किती श्रवणयंत्रे कानात आहेत आणि किती खणात, हे मोजणे स्वस्त आणि खरे. महाविद्यालयाने ते सुरू केले आहे.

काय वेगळे करता आले असते

विद्यार्थ्यांआधी वॉर्डाच्या परिचारिकांपासून सुरुवात करायला हवी होती. वर्गात शिकलेले आणि वॉर्डात पाहिलेले वेगळे असेल तर विद्यार्थी वॉर्डाचेच उचलतो, कारण नोकरी तिथे आहे. ‘थोडं होणारच’ म्हणणाऱ्या सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांना कुणी वेगळे शिकवलेले नव्हते. त्यांच्या मार्गदर्शनाच्या कामाची पाळीच्या वेळापत्रकात वेगळी तरतूद न करता दोन विद्यार्थी त्यांच्या गळ्यात टाकणे ही दुसरी चूक. सहापैकी दोघींनी पहिल्याच वर्षी नकार कळवला.

रचना करणाऱ्या समितीत एकही वृद्ध व्यक्ती नव्हती, नातेवाईकही नव्हते. मूळ प्रसंगात बदल सर्वांत आधी ओळखला तो मुलीने. नातेवाइकाने ‘ही अशी नसते’ म्हटले की ती क्लिनिकल नोंद मानायची, हे युनिटमध्ये दुसऱ्या वर्षी घातले गेले. पहिल्या दिवसापासून असायला हवे होते.

आणि वेळापत्रक. डिलिरियम बऱ्याचदा सायंकाळनंतर आणि रात्री उफाळतो. विद्यार्थ्यांची पोस्टिंग सकाळी आठ ते दुपारी दोन. ज्या रात्री ती गोळी दिली गेली, त्या वेळी वॉर्डात शिकणारे आणि शिकवणारे कुणीच नसते. सायंकाळी चार ते दहाची एक पाळी दर आठवड्याला ठेवण्याचा प्रस्ताव वाहतूक, सुरक्षितता आणि देखरेखीला शिक्षक नाहीत या कारणांवर दोनदा परत आला. सध्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुरती, महिन्यातून दोनदा, एका मार्गदर्शक परिचारिकेच्या जबाबदारीवर ती चालू आहे.

तिसऱ्या तुकडीच्या वेळापत्रकाचा मसुदा नुकताच फिरला. त्यात हे २४ तासांचे युनिट सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यात टाकले होते. जबाबदार शिक्षिकेने जुन्या इतिवृत्तातली ती क्षुल्लक वाटलेली नोंद पिवळ्या रेषेने अधोरेखित करून मसुद्याला जोडली आणि परत पाठवली.